मल्चिंगचा कागद आणि माशाचे पोट



टोमॅटो किंवा कलिंगडाचे पीक निघाले की मल्चिंगचा कागद उन्हाने कडक होऊन फाटू लागतो. निम्मा गोळा होतो, उरलेला रोटाव्हेटरखाली जातो. पावसात ते तुकडे ओढ्याने भीमेकडे निघतात. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा पुण्याची घाण घेऊन भीमेला मिळते, ते खरेच. पण नुसते पुण्याला नावे ठेवून आपला वाटा कमी होत नाही. पुढे हे पाणी उजनीत साठते, आणि भिगवणच्या बाजारात येणारा मासा त्याच पाण्यातला.

पाच मिलिमीटरहून लहान तुकड्याला सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. कटला पाण्याच्या वरच्या थरातील बारीक जीव कल्ल्यांनी गाळून खातो. तरंगता तुकडा त्यांच्याबरोबरच पोटात जातो. तुकड्यावर शेवाळ धरले की तो जड होऊन तळाला बसतो आणि गाळ चिवडणाऱ्या मृगळाच्या वाट्याला येतो. पोट भरते, पण अंगी काही लागत नाही.

स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी रोहू-कटल्याच्याच भाऊबंदांतील एका माशाला प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाणपिसवांमार्फत खाऊ घातले. २०१७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: कण मेंदूपर्यंत पोचले आणि मासे सावकाश खाऊ लागले. खाद्यावर खर्च करणाऱ्याने याचा अर्थ ओळखावा. कॅलिफोर्नियात मेडाका नावाच्या लहान माशांना दोन महिने प्लॅस्टिकमिश्रित खाद्य दिले, तेव्हा माद्यांत अंडी घडविणाऱ्या जनुकांच्या कामात बिघाड दिसला (२०१४). फ्रान्समध्ये समुद्री शिंपल्यांची अंडी ३८ टक्क्यांनी घटली (२०१६). मात्र प्रयोगशाळेत प्लॅस्टिकची मात्रा बहुधा नदीतल्यापेक्षा जास्त असते. शिवाय माशांची पिल्ले आवडीने प्लॅस्टिक खातात, असे सांगणारा एक गाजलेला निबंध २०१७ साली मागे घ्यावा लागला. तेव्हा घाबरून मासे खाणे सोडू नका.

रोहू-कटला साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांचे बीज हॅचरीत संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन तयार करतात. म्हणून शेततळेवाल्याला चिंता वाढीची आहे, विणीची नाही. चिलापीचे तसे नाही. ती उजनीच्या पाण्यातच वाढते, आणि मादी अंडी तोंडात सांभाळते. नदीतल्या माशांना हॅचरी कुठली?

कागद घेताना स्वस्त म्हणून अगदी पातळ घेऊ नका. २५ ते ३० मायक्रॉनचा निघताना फारसा फाटत नाही. पीक संपताच, रोटाव्हेटर घालण्याआधी तो गुंडाळून काढा. बांधावर जाळू नका. ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, सुतळ्या, रोपांचे ट्रे एका गोणीत साठवून भंगारवाल्याला द्या. शेततळ्याचे अस्तर काठावर उन्हाने तडकू लागले, तर तेवढा भाग वेळीच बदला.

आणि भगिनींनो, माशाने गिळलेले प्लॅस्टिक बहुतेक आतड्यातच सापडते. मोठा मासा आपण साफ करतोच. बारीक मासळी मात्र तशीच कालवणात जाते. तिचेही पोट काढून, दोन पाण्यांनी धुऊन घ्या.