आडनाव आणि तिजोरी

मोठे आडनाव असले की निवडणूक खिशात, असे आपण सहज म्हणतो. नाशिकचा अनुभव वेगळा आहे. २००९ मध्ये समीर भुजबळ येथून खासदार झाले. २०१४ मध्ये त्यांचे काका छगन भुजबळ येथेच हरले. महापालिकेत राज ठाकरे यांच्या मनसेला २०१२ साली ४० जागा मिळाल्या, २०१७ मध्ये अवघ्या ५.

माझ्या मते, आडनाव उमेदवारी मिळवून देते. पुन्हा निवडून यायचे तर कामे दाखवावी लागतात. कामांना पैसा लागतो. २०१३ मध्ये नाशिकची जकात गेली, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि पालिका राज्याच्या भरपाईवर विसंबली. तिजोरीची किल्ली मुंबईत, जाब मात्र गल्लीतल्या नगरसेवकाला! म्हणून मत देण्यापूर्वी आडनावाबरोबर पालिकेचे अंदाजपत्रकही वाचावे.