आवडतं ॲप, नावडता शेअर
शेअर बाजार, सावकाशीने : भाग १२

आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाची गाडी लागली की आधी मीटर लावून ओलावा बघतात. ८ टक्क्यांपर्यंत असेल तर सीसीआयचा (भारतीय कापूस महामंडळाचा) पूर्ण हमीभाव, त्यावर कपात, १२ च्या पुढे गेला की खरेदीच नाही. कापूस दिसायला किती पांढराशुभ्र आहे, याचं तिथे कौतुक नसतं. कापूस आणणाऱ्याच्याच घरातला नोकरीला लागलेला मुलगा मोबाईलवर शेअर घेताना मात्र पांढरेपणावर भुलतो : ‘हे ॲप सगळे बघतात, म्हणजे कंपनी दमदार.’

बघतात, खरं आहे. पण आपण जे बघतो त्यातलं बरंच बाजारात विकत मिळतच नाही. तेलुगू सिनेमांचं ‘आहा’ बाजारात नोंदलेलं नाही. जिओहॉटस्टारचाही वेगळा शेअर नाही. हवाच असेल तर रिलायन्स घ्या, तेल आणि किराणा दुकानांसकट. उरतं मराठी घराला जवळचं नाव, झी.

‘झी फाइव्ह’ फेब्रुवारी २०१८ मध्ये आलं. महिनाभर आधीच शेअरने ६०० रुपये ओलांडले होते. जानेवारी २०१९ मध्ये एका दिवसात भाव पाव हिश्श्याने पडला आणि झीचे प्रवर्तक सुभाष चंद्रा यांनी जाहीर पत्र लिहून समूहाचा पायाभूत सुविधांतला पैसा अडकल्याचं सांगितलं. प्रवर्तकांनी झीचे शेअर गहाण टाकून कर्ज काढलं होतं. देणी फेडता फेडता त्यांच्याकडे जेमतेम ४ टक्के उरले. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये सोनीशी विलीनीकरणाचा करार झाला; जानेवारी २०२४ मध्ये सोनीने तो मोडला आणि दुसऱ्या दिवशी शेअर ३० टक्क्यांहून जास्त आपटून १६० च्या खाली आला. या सगळ्या काळात मालिका रोज वेळेवर लागत होत्या.

प्रवर्तकांनी किती शेअर गहाण ठेवलेत, हे दर तिमाहीला एक्स्चेंजच्या वेबसाइटवर फुकट बघायला मिळतं. मीटर लावायचा तो तिथे.

‘पडला तरी धरून ठेवा’ म्हणणारे नेटफ्लिक्सचा दाखला देतात. २०११ मध्ये दरवाढीने ग्राहक चिडले आणि ३०० डॉलरजवळचा शेअर काही महिन्यांत ८० च्या खाली गेला. एप्रिल २०२२ मध्ये तिमाहीत २ लाख ग्राहक घटल्याचं कळताच एका दिवसात ३५ टक्के गेले. दोन्ही वेळा धरून बसलेले तरले. पण ते दुखणं धंद्यातलं होतं : दर चुकले, ग्राहक गेले, दुरुस्ती कंपनीच्याच हातात होती. झीमध्ये घाव मालकाच्या दुसऱ्या धंद्यातून आला. माझ्या मते धरायचं की सोडायचं, हे एवढ्यावरूनच ठरवावं.

करमणुकीच्या धंद्यात मला आवडते ती सारेगामा, म्हणजे जुनी एचएमव्ही. ॲप कुणाचंही चालो, जुनं गाणं वाजलं की हिच्याकडे पैसे येतात. अर्थात इथेही ओलावा आहेच. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा. १९६४ मध्ये निघालेल्या तबकड्यांचा १ जानेवारी २०२५ ला संपला. लता-रफींच्या ऐन बहराची वर्षं आता एकेक करून सुटत जाणार, आणि त्यांच्या जागी नव्या सिनेमांची गाणी आजच्या चढ्या भावाने घ्यावी लागणार. ती किती महाग पडतात, ते पुढच्या आठवड्यात ताळेबंद उघडून बघू.