आपण काय खातो? आहार-प्रश्नावली आणि आपली नाचणी

काल रात्री काय जेवलात, असे कोणी विचारले तर आपण चटकन सांगतो. पण गेल्या महिन्यात पालेभाजी किती वेळा खाल्ली, असे विचारले की माणूस बोटे मोजू लागतो. समाजाचा आहार मोजण्याच्या शास्त्रातील खरी अडचण हीच आहे.

आहार मोजण्याच्या मुख्य पद्धती तीन. पहिली, प्रत्येक पदार्थ तोलून वहीत लिहिणे. ही अचूक, पण कष्टाची. दुसरी, मागील चोवीस तासांत खाल्लेले आठवून सांगणे. राष्ट्रीय पोषण संनियंत्रण ब्युरोची स्थापना 1972 साली झाली. त्याचे कार्यकर्ते घरोघर जाऊन, ठरावीक मापाची भांडी पुढे ठेवून असे विचारीत. तिसरी, पदार्थांची यादी देऊन प्रत्येक पदार्थ रोज, आठवड्यातून की क्वचित खाता, अशी खूण करून घेणे. ही यादी माणसाने स्वतःच भरली की खर्च फार कमी होतो. अमेरिकेत 1980 साली परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात 61 पदार्थांची अशी प्रश्नावली टपालाने पाठविण्यात आली. ती कितपत खरी ठरते हे पाहण्यासाठी 173 परिचारिकांकडून वर्षात चार वेळा, आठवडाभर तोलून खाल्लेल्या अन्नाची नोंदही घेतली गेली.

आपल्याकडील उदाहरण पुण्याजवळच्या सहा गावांचे आहे. 1994 ते 1996 या काळात तेथील गरोदर भगिनींचा अभ्यास के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केला. चोवीस तासांची आठवण आणि पदार्थांची यादी, दोन्ही पद्धती वापरल्या. एकूण उष्मांकांचा बाळाच्या वजनाशी संबंध दिसला नाही. परंतु पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे अधिक भरली होती. ‘किती वेळा’ हा साधा प्रश्न विचारला म्हणूनच हे उमगले.

आता कापडे, पोलादपूर, महाड या आपल्या भागाचा विचार करू. शहरात छापलेल्या यादीत ब्रेड, लोणी, सफरचंद असते. नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, सुकट, टाकळा, कुरडू यांना जागा नसेल तर ते खाणाऱ्याचा कागद रिकामाच राहील. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम 10. म्हणजे एक ओळ गाळली की एका घराचा हिशेबच चुकतो. शिवाय रानभाज्या पावसाळ्यातल्या. तोच प्रश्न चैत्रात विचारला तर उत्तर वेगळे येईल.

दुसरी चूक माणसाच्या मनातली. पाहुण्यासमोर दूध-तूप सांगावे आणि सुकट लपवावी, असे वाटते. घरात सर्वांत शेवटी जेवणारी माउली स्वतःच्या ताटाऐवजी घराच्या हंडीचा हिशेब सांगते. हंडीत भाजी होती, पण तिच्या वाट्याला किती आली, हे कागदावर येतच नाही. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांना तर स्वतः भरायची प्रश्नावली देऊन उपयोग नाही. तेथे गावातलीच शिकलेली मुलगी शेजारी बसून विचारील तर उत्तर खरे येईल.

अशा आकड्यांचा आधार आहाराच्या योजना आखताना घेतला जातो. आपले खाणे कागदावर आले नाही, तर आपली उणीवही येणार नाही. म्हणून वाचक बंधू-भगिनींना विनंती की, अशी प्रश्नावली कोणी घेऊन आले तर संकोच करू नये. जे खाल्ले तेच सांगावे. यादीत आपला पदार्थ नसेल तर तो लिहून घ्यायला सांगावे. आणि घरातील बाईला तिच्या स्वतःच्या ताटाविषयी स्वतंत्रपणे बोलू द्यावे. नाचणीची भाकरी सांगण्यात कसलीही लाज नाही.