निषेध पुष्कळ, पुरवठा तसाच

२७ मार्च २०२१ रोजी म्यानमारच्या राजधानीत, नेपिडॉ येथे, सशस्त्र सेना दिनाचे संचलन झाले. सत्ता बळकावून दोन महिनेही न झालेले सरसेनापती मिन आँग लाइंग यांनी सलामी स्वीकारली. त्याच दिवशी यांगून, मंडाले आणि इतर अनेक शहरांच्या रस्त्यांवर त्यांच्या सैनिकांनी शंभराहून अधिक नागरिकांना ठार मारले. मृतांत लहान मुलेही होती. त्या संचलनाला आठ देशांचे प्रतिनिधी हजर होते: रशिया, चीन, पाकिस्तान, बांगलादेश, व्हिएतनाम, लाओस, थायलंड आणि भारत. दुसरीकडे अमेरिका, ब्रिटन, जपान यांच्यासह बारा देशांच्या संरक्षणदलप्रमुखांनी या हत्याकांडाचा निषेध करणारे संयुक्त निवेदन लगोलग काढले. पाहुणे संचलन पाहून परतले, निवेदन वर्तमानपत्रांत छापून आले आणि गोळीबार थांबला नाही. जगाने म्यानमारसाठी काहीच केले नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते खरे नाही. जगाने बरेच काही केले. पण त्यातले पुष्कळसे शब्दांत केले. जिथे कृती पैसा, इंधन आणि शस्त्रे यांच्या वाटेपर्यंत पोचली, तिथे तिचा परिणाम दिसला. एखादी राजवट आपल्याच लोकांवर बंदूक रोखते तेव्हा बाहेरच्यांनी काय करावे, याचे उत्तर याच फरकात आहे.

आधी घटनाक्रम. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत आँग सान सू ची यांच्या नॅशनल लीग फॉर डेमॉक्रसी या पक्षाने मतदान झालेल्या ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या. लष्कराने घोटाळ्याचा आरोप केला, निवडणूक आयोगाने तो फेटाळला. १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे, नव्या संसदेची बैठक भरण्याआधीच, सू ची आणि राष्ट्राध्यक्ष विन मिंट यांना अटक झाली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत डॉक्टर, शिक्षक, रेल्वे कर्मचारी आणि बँकांतले कारकून कामावर जाईनासे झाले. त्यांनी या चळवळीला सविनय कायदेभंग हेच नाव दिले. लाखो लोक निःशस्त्र रस्त्यावर आले आणि लष्कराने त्यांना युद्धात वापरायच्या शस्त्रांनी उत्तर दिले. १४ मार्चला यांगूनच्या हलाइंगथाया या कामगार वस्तीत आणि ९ एप्रिलला बागो शहरात डझनावारी माणसे मारली गेली. मृतांची नोंद ठेवणाऱ्या ‘असिस्टन्स असोसिएशन फॉर पोलिटिकल प्रिझनर्स’ या संघटनेने पहिल्या वर्षातच दीड हजाराहून अधिक मृत्यूंची खातरजमा केली. पुढे हा आकडा सहा हजारांच्या वर गेला. रस्त्यावरचा विरोध चिरडला गेला तशी तरुण मुले जंगलात जाऊन शस्त्रे चालवायला शिकली आणि निदर्शनांचे यादवीत रूपांतर झाले.

या काळात आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर काय झाले, ते पाहू. १० मार्च २०२१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने निदर्शकांवरील हिंसेचा निषेध करणारे अध्यक्षीय निवेदन काढले. बंधनकारक ठराव केला नाही. १८ जूनला आमसभेने राजकीय कैद्यांची सुटका आणि म्यानमारकडे जाणारा शस्त्रांचा ओघ रोखणे, या मागण्या करणारा ठराव ११९ मतांनी मंजूर केला. विरोधात एकट्या बेलारूसने मत दिले. चीन, रशिया आणि भारत यांच्यासह ३६ देश तटस्थ राहिले. आमसभेचा ठराव कुणावर बंधनकारक नसतो, हे मत देणाऱ्यांनाही ठाऊक होते. सुरक्षा परिषदेचा ठराव यायला २१ डिसेंबर २०२२ उजाडले. तो १२ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. चीन, रशिया आणि भारत पुन्हा तटस्थ. त्यात हिंसा थांबवण्याची मागणी होती, शस्त्रबंदी मात्र नव्हती. आग्नेय आशियाई देशांच्या ‘आसिआन’ संघटनेने २४ एप्रिल २०२१ रोजी जकार्तात खुद्द मिन आँग लाइंग यांच्या उपस्थितीत पाच कलमांवर सहमती घडवली. हिंसाचार तत्काळ थांबवणे हे त्यातले पहिले कलम. सरसेनापती मायदेशी परतले आणि कलमे कागदावर राहिली. आसिआनने त्यांना पुढे शिखर बैठकांपासून दूर ठेवले. स्वतःच्या सदस्याला असे वगळणे त्या संघटनेसाठी मोठे पाऊल होते, पण बैठकीतली रिकामी खुर्ची लढाऊ विमानाला उड्डाण करण्यापासून अडवू शकत नाही.

आता पैशाची वाट पाहू. लष्करी उठावानंतर काही दिवसांतच अमेरिकेने आपल्याकडे ठेवलेला म्यानमार सरकारचा सुमारे १०० कोटी डॉलरचा निधी गोठवला आणि तो लष्कराच्या हाती पडला नाही. त्यानंतर लष्कराच्या मालकीच्या दोन अवाढव्य उद्योगसमूहांवर निर्बंध आले. तरीही मे २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मांडलेल्या हिशेबाने चित्र उघडे पडले. उठावानंतर लष्कराने किमान १०० कोटी डॉलरची शस्त्रे, सुटे भाग आणि कच्चा माल परदेशांतून आणला होता. त्यापैकी ४० कोटी ६० लाख डॉलरचा माल रशियातून, २६ कोटी ७० लाखांचा चीनमधून, २५ कोटी ४० लाखांचा सिंगापूरमधल्या कंपन्यांकडून, ५ कोटी १० लाखांचा भारतातून आणि २ कोटी ८० लाखांचा थायलंडमधून आला होता. भारतीय पुरवठादारांत सरकारी कंपन्याही होत्या. रशिया आणि चीन यांच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती. सिंगापूरचे तसे नव्हते. त्या सरकारने उठावावर टीका केली होती, म्यानमारला शस्त्रे पाठवण्याविरुद्ध धोरणही जाहीर केले होते.

पुढे जे घडले ते या साऱ्या प्रकरणातले सर्वांत बोलके उदाहरण आहे. अहवालानंतर सिंगापूर सरकारने आपल्या भूमीवरच्या कंपन्यांची चौकशी सुरू केली. वर्षभराने अँड्र्यूज यांनी पुन्हा हिशेब मांडला तेव्हा सिंगापूरमधून होणारा वार्षिक पुरवठा सुमारे ११ कोटी डॉलरवरून १ कोटीच्या आसपास उतरला होता. अधिकृत बँकांमार्फत होणारी लष्कराची एकूण परदेशी खरेदीही ३७ कोटी ७० लाख डॉलरवरून २५ कोटी ३० लाखांवर आली होती, म्हणजे एका वर्षात तिसरा हिस्सा कमी. त्यासाठी कोणत्याही देशाला सैन्य धाडावे लागले नाही किंवा सीमा ओलांडावी लागली नाही. एका छोट्या देशाने आपल्याच कंपन्यांच्या वह्या तपासल्या, एवढेच झाले. त्याच अहवालात दुसरी बाजूही आहे. त्या काळात थायलंडमधून होणारा पुरवठा दुप्पट होऊन १२ कोटी डॉलरच्या घरात गेला, कारण लष्कराने आपले व्यवहार तिथल्या बँकांकडे वळवले. पहिल्या आकड्यावरून दार बंद करता येते हे कळते; शेजारचे दार उघडे राहिले की त्यातले किती वाया जाते, ते दुसरा आकडा सांगतो.

नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन यांची कहाणीही अशीच अर्धवट आहे. समुद्रातला वायू विकून मिळणारा पैसा हा राजवटीच्या परकीय चलनाचा सर्वांत मोठा स्रोत. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या टोटाल आणि अमेरिकेच्या शेव्हरॉन या कंपन्यांनी माघार जाहीर केली, पण यादाना वायूक्षेत्राचे काम थायलंडच्या सरकारी कंपनीकडे गेले आणि वायूची विक्री चालू राहिली. कंपनी निघून जाणे वेगळे आणि पैसे पोचणे बंद होणे वेगळे. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२२ मध्ये म्यानमारच्या सरकारी तेल व वायू कंपनीवर निर्बंध घातले. अमेरिकेने त्याच कंपनीला वित्तीय सेवा देण्यावर बंदी घातली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, तब्बल वीस महिन्यांनी. इंधनाचेही तेच. ११ एप्रिल २०२३ रोजी सगाइंग प्रांतातल्या पाझिजी गावात हवाई हल्ल्यात दीडशेहून अधिक माणसे गेली. विमानांच्या इंधनाचा व्यवहार करणाऱ्या कोणावरही कारवाई करण्याचे अधिकार अमेरिकेने त्या ऑगस्टमध्ये घेतले. त्यानंतरही व्हिएतनाममधल्या टाक्यांत साठवलेले इंधन म्यानमारला पोचत असल्याचे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने दाखवून दिले.

यावर पहिला आक्षेप असा, की चीन आणि रशिया पाठीशी असताना इतरांनी हात आखडल्याने काय बिघडणार? आक्षेपात तथ्य आहे; हे दोन देश पुरवठा करत राहतील तोवर लष्कर कोलमडणार नाही. पण त्यावरून बाहेरच्यांच्या हाती काही नसते, असे मात्र सिद्ध होत नाही. चीननेच त्याच्या उलट पुरावा दिला आहे. शान राज्यातल्या बंडखोर संघटनांनी ऑगस्ट २०२४ मध्ये लाशिओ हे मोठे शहर आणि तिथले लष्कराचे विभागीय मुख्यालय जिंकले. चीनने सीमेवरची नाकी बंद केली, माल आणि वीज तोडली, आणि लढून मिळवलेले ते शहर बंडखोरांना एप्रिल २०२५ मध्ये लष्कराला परत द्यावे लागले. पुरवठा रोखून युद्धाचा निकाल फिरवता येतो, हे इथे दिसले. ती ताकद अत्याचार करणाऱ्याच्या बाजूने वापरली गेली, एवढेच दुर्दैव. शिवाय लष्कराला सुटे भाग, इंधन आणि विमा डॉलरमध्ये विकत घ्यावे लागतात. प्रत्येक बंद झालेली वाट त्याची खरेदी महाग आणि सावकाश करते, आणि बॉम्ब उशिरा पोचला तर तेवढ्या काळात माणसे जगतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: निर्बंधांचा मार सेनापतींना बसत नाही, गरिबांना बसतो. म्यानमारच्याच इतिहासात याचा दाखला आहे. २००३ मध्ये अमेरिकेने म्यानमारच्या सगळ्या मालाच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा कपड्यांचे कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार मुली रस्त्यावर आल्या. लष्कर वायू विकून श्रीमंत होत राहिले. सरसकट निर्बंध घालणे ही चूक होती, आणि हा आक्षेप गांभीर्याने घेतला तर निष्कर्ष असा निघतो की निर्बंध नेमके हवेत. विमानाचे इंधन, लष्करी उद्योगसमूह, वायूचा पैसा आणि परकीय व्यवहार करणाऱ्या सरकारी बँका यांवर घाव घातला तर शिवणकाम करणाऱ्या मुलीची रोजी जात नाही. सामान्य माणसाचे हाल आज होत आहेत ते मुख्यतः युद्धामुळे: ३५ लाखांहून अधिक लोक देशातच बेघर झाले आहेत आणि फेब्रुवारी २०२४ पासून तरुणांना सक्तीने फौजेत ओढले जात आहे.

तिसरा आक्षेप आपल्या जवळचा आहे. हा म्यानमारचा अंतर्गत प्रश्न आहे, आणि भारताला ईशान्येतल्या बंडखोरांचा, चीनच्या वाढत्या प्रभावाचा आणि सोळाशे किलोमीटरहून लांब सीमेचा विचार करावा लागतो, असे दिल्लीत वारंवार म्हटले जाते. शेजाऱ्याशी बोलणे चालू ठेवावे, यात वाद नाही. पण शस्त्रांचे सुटे भाग विकणे हाच दुसऱ्याच्या घरात केलेला हस्तक्षेप आहे. ते थांबवणे म्हणजे हस्तक्षेप मागे घेणे. हिताचा हिशेबही आता बदलला आहे. भारताच्या कलादान वाहतूक प्रकल्पाचा मार्ग ज्या पालेत्वातून जातो ते गाव जानेवारी २०२४ पासून आराकान आर्मी या बंडखोर संघटनेच्या ताब्यात आहे, आणि पुढे राखाइन राज्याचा बहुतेक भागही तिच्याकडे गेला. ज्या लष्कराला सीमेची हमी देणारा म्हणून जपले, त्याच्या हातून सीमेचा मोठा पट्टा गेला आहे. याच काळात मिझोरामने वेगळा मार्ग दाखवला. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने निर्वासितांना रोखण्याची सूचना केली. मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून, सीमेपलीकडचे चिन लोक आमचेच भाऊबंद आहेत, आम्ही पाठ फिरवू शकत नाही, असे कळवले. चर्चनी, गावोगावच्या तरुण संघटनांनी आणि सामान्य कुटुंबांनी तीस हजारांहून अधिक माणसांना आसरा दिला. मणिपूर उच्च न्यायालयाने ३ मे २०२१ रोजी म्यानमारच्या सात नागरिकांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात जाण्यासाठी दिल्लीपर्यंतचा प्रवास सुरक्षित करून दिला आणि जिवाच्या भीतीने आलेल्याला परत न ढकलण्याचे तत्त्व घटनेच्या एकविसाव्या कलमाशी जोडले. निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नसतानाही हे घडले.

डिसेंबर २०२५ मध्ये लष्कराने टप्प्याटप्प्याने निवडणूक सुरू केली. २०२० मध्ये लोकांनी निवडून दिलेला पक्ष त्याआधीच विसर्जित झालेला होता, त्याचे नेते तुरुंगात किंवा परागंदा होते आणि देशाच्या मोठ्या भागात मतदान होऊच शकत नव्हते. तरीही या मतदानाकडे बोट दाखवून संबंध पूर्ववत करण्याची घाई अनेक राजधान्यांना आहे. अमेरिकेने तर जुलै २०२५ मध्येच राजवटीच्या काही जवळच्या व्यावसायिकांवरचे निर्बंध उठवले. ही घाई नाकारली पाहिजे. त्याहीपेक्षा, आपल्या हाती जे नक्की आहे ते केले पाहिजे. थायलंडने आपल्या बँकांची तशीच झडती घ्यावी जशी सिंगापूरने कंपन्यांची घेतली. भारताने सरकारी कंपन्यांकडून होणारी प्रत्येक लष्करी विक्री थांबवावी, ती थांबल्याचे संसदेत सांगावे आणि मिझोरामने दिलेल्या आसऱ्याला कायद्याचे बळ द्यावे. यापुढे एखादे सरकार रक्तपाताचा निषेध करील तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारावा: तुमच्या देशातून त्या लष्कराला काय जाते, आणि ते तुम्ही कधी थांबवणार? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत आणि तारखेसह द्यावे लागेल, तेव्हाच निषेधाला अर्थ येईल.