ट्रॅक्टरसाठी ताडपत्रीचा निवारा

भालकी, औराद, आळंदच्या पट्ट्यात दिवाळीनंतर ट्रॅक्टर रात्रंदिवस राबतो. ऊस तोडणीला आलेला, पाठोपाठ तुरीची रास. दुरुस्तीही रानातच करावी लागते. त्यासाठी जीआय पाइपांवर ताडपत्री ताणली, की कामापुरता निवारा होतो.

खरी परीक्षा जमिनीची. बिदरच्या पठारावर जांभा आहे. तिथे पहारीने खोल भोक पाडून पाइप रोवला, की तो हलत नाही. कलबुर्गीकडची काळी जमीन मात्र फसवी. पावसाळ्यात फुगलेली ही माती थंडीत वाळून आकसते, भेगा पडतात आणि घट्ट ठोकलेली खुंटी महिनाभरात हाताने उपसून येते. अशा ठिकाणी पाइपाचा पाय सिमेंट भरलेल्या डब्यात बसवावा, दोऱ्या वाळूच्या पोत्यांना बांधाव्यात. दोरी आणि कडी यांमध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घातली, तर वाऱ्याचा हिसका रबर सोसतं, कडी फाटत नाही.

ताडपत्री आयएस ७९०३ मानकाची घ्यावी. तिला थंडीपेक्षा ऊन जास्त खातं, म्हणून उन्हाला टिकणारी आहे ना, हे विचारूनच घ्या. थंडीतला वारा बहुधा पूर्व-ईशान्येचा. ती बाजू बंद, समोरची उघडी. छताला चांगला उतार हवा, नाहीतर आतून धरलेलं दव पहाटे उघड्या इंजिनावर ठिबकतं.

वेल्डिंग कायम बाहेर, मोकळ्यावर करा; ठिणगीने हे कापड लगेच पेटतं. आणि कितीही गारठा असो, पडदे पाडून इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो.