अंगणातल्या कुत्र्यासाठी कुंपण कसे निवडावे?

शेतकरी बंधूंनो, ज्यांचे घर नागपूरच्या महालात आणि शेती गावाकडे आहे, त्यांना राखणीच्या कुत्र्यासाठी दोन जागी दोन तऱ्हेचा बंदोबस्त लागतो.

महालातील जुन्या वाड्यांना उंच भिंती असतातच. तेथे कुत्रे निसटते ते फाटकातून. गल्ल्या अरुंद, फाटक उघडले की थेट रस्ता, आणि रस्त्यावर वाहने व मोकाट कुत्री. म्हणून जाळीवर खर्च करण्याआधी फाटक तपासावे. खालची फट दोन इंचांपेक्षा जास्त नसावी. पिल्लू असल्यास त्याहूनही कमी ठेवावी. फाटकाला खालून अडीच फुटांपर्यंत पत्रा मारावा. नाहीतर गजांतून तोंड बाहेर काढून कुत्रे भांडते आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा असाच बसू शकतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर जनावर वाचत नाही, माणूसही जवळजवळ नाहीच. तेव्हा कुंपण कितीही पक्के असले तरी दरवर्षी लस टोचून घ्यावी.

शेतावरच्या घरी आधी आपले कुत्रे बाहेर जाते कसे, ते दोन दिवस पाहा. उडी मारणाऱ्या मोठ्या कुत्र्यास पाच ते सहा फूट उंच, जस्त चढवलेली दोन इंची चेनलिंक जाळी लावावी. कडबा, सरपण किंवा पाण्याची टाकी जाळीला लागून ठेवू नये. तीच त्याची शिडी होते. माती उकरणाऱ्या कुत्र्यासाठी दीड फूट जाळी आतल्या बाजूस जमिनीवर आडवी पसरून खालच्या कडेला बांधावी व वर दगड-मुरूम टाकावा.

भारी काळ्या जमिनीत खांबांची विशेष काळजी घ्यावी. ही जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि उथळ पुरलेला खांब कलतो. खड्डा किमान दोन फूट घेऊन काँक्रीट भरावे. कोपऱ्यांच्या खांबांना तिरपे टेकू द्यावेत.

काटेरी तार स्वस्त पडते, पण कुत्रे तिच्यातून घुसते आणि अंग फाडून घेते. पावसाळ्यात अशा जखमेत अळ्या पडतात. मेंदीचे किंवा चिल्हारीचे कुंपण चांगले, मात्र ते दाट व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. शेर लावू नये. त्याचा चीक डोळ्यात गेल्यास इजा होते.

रानडुकरांसाठी काहीजण तारेत थेट घरची वीज सोडतात. हा गुन्हा आहे. त्यात कुत्रे तर मरतेच, पण रात्री पाणी द्यायला निघालेला आपलाच माणूसही मरतो. सौरऊर्जेवरील झटका यंत्राची गोष्ट वेगळी; त्याचा झटका क्षणभराचा असतो. तरी कुत्र्यासाठी आमचा आग्रह जाळीचाच आहे, कारण झटका बसला की घाबरलेले कुत्रे पुष्कळदा मागे न येता पुढेच पळते.

जाळीच्या आत सावली आणि पाणी हवे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो. आणि पहिला मोठा पाऊस झाला की कुंपणाभोवती एक फेरी मारा. माती वाहून जेथे भगदाड पडते, ते तुमच्या आधी कुत्र्याला सापडते.