पोचट वर, भरीव तळाशी!
व्यंगचित्रांचे संग्रह गावच्या वाचनालयात का हवेत?

आलापल्ली : मृग तोंडावर आला की धानाच्या बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके घेणे हे आमच्या खात्याचे दरवर्षीचे काम. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बी टाकून ढवळायचे आणि थोडा दम धरायचा. पोचट, रोगट बी वर तरंगते. ते काढून फेकायचे. भरीव बी तळाशी बसते. ते स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवून सावलीत वाळवायचे आणि मग पऱ्ह्यांसाठी पेरायचे. खर्च काय, तर मिठाच्या पुडीचा. एवढी सोपी गोष्ट. पण पत्रक वाटले की लोक त्याची घडी घालतात आणि त्यावर बसून उरलेले भाषण ऐकतात. पत्रकाचा याहून जास्त उपयोग झालेला मी फारसा पाहिलेला नाही.

म्हणून एका वर्षी अहेरी तालुक्यातल्या एका गावी (नाव सांगत नाही, कारण पुढे कळेलच) पत्रकाला फाटा दिला. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या तिथल्या एका तरुणाला कार्डशीट आणि रंग आणून दिले व म्हटले, गड्या, मिठाच्या पाण्याचे एक चित्र काढ. त्याने बादली काढली. बादलीतल्या दाण्यांना नाक-डोळे दिले. वर तरंगणाऱ्या दाण्यांपैकी एकाच्या डोक्यावर टोपी, एकाच्या गळ्यात हार, एकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा, एकाच्या काखेत फाईल. तळाशी बसलेल्या दाण्यांच्या खांद्यावर दुपट्टा आणि हातात विळा. खाली दोनच शब्दांच्या दोन जोड्या : 'पोचट वर, भरीव तळाशी'.

चित्र ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले. पाणी भरून चाललेली एक आजी थांबली. तिला वाचता येत नव्हते. तिने चित्र पाहिले, हसली आणि म्हणाली, "हे तं आपल्याच गावचं हाये जी!" झाले! दुपारपर्यंत अर्धे गाव फलकापाशी. टोपी कोणाची, चष्मा कोणाचा, काखेतली फाईल कोणाची, हे लोकांनीच ठरवून टाकले. संध्याकाळी एका पदाधिकाऱ्याचा निरोप आला : चित्र उद्यापर्यंत निघाले पाहिजे.

खोटे कशाला सांगू, मी ते काढले. गावकीच्या भांडणात आपण कशाला, असे मनाशी म्हटले आणि कार्डशीट गुंडाळून गाडीला बांधले. मात्र तेव्हापासून व्यंगचित्र या प्रकाराविषयी जे मिळेल ते वाचू लागलो, जमतील तसे संग्रह गोळा केले. त्यातून जे कळले ते शेतकरी बंधू-भगिनींपुढे आणि गावकारभाऱ्यांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखप्रपंच.

नांगरामागून आलेले हसू

व्यंगचित्र म्हणजे पुण्या-मुंबईच्या लोकांची चैन, असे आपल्याकडे बरेच जण समजतात. प्रत्यक्षात मराठी मासिकांतल्या या कलेचा एक धागा थेट नांगराला बांधलेला आहे. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आपल्या आजोबांच्या पिढीला ठाऊक होते. त्याच कारखान्याच्या किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू झाले. नांगराची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेता नेता त्याचे पुढे 'किर्लोस्कर' हे नामांकित मासिक झाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते आणि व्यंगचित्रेही काढीत. बुवाबाजी, अंधश्रद्धा, जुनाट रूढी यांच्यावर त्या मासिकाने लेखांइतकेच चित्रांनीही कोरडे ओढले. म्हणजे जमीन उलथणारा फाळ आणि डोके उलथणारी रेष एकाच वाडीतून निघाली!

पुढे शंकर पिल्ले यांनी १९४८ मध्ये दिल्लीत 'शंकर्स वीकली' काढले. पंडित नेहरूंनी त्यांना 'मलाही सोडू नका' असे बजावले होते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मराठीत १३ ऑगस्ट १९६० रोजी बाळ ठाकरे आणि श्रीकांत ठाकरे या बंधूंचे 'मार्मिक' निघाले. प्रकाशन झाले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते. ज्या साप्ताहिकात पुढे सरकारचीच टर उडवली जाणार, त्याचा नारळ राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी फोडावा, यात त्या काळचा मोठेपणा दिसतो. ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

न बोलणारा माणूस

आर. के. लक्ष्मण (१९२१-२०१५) यांनी १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त रोज एक चौकट काढली आणि ती अनेक दशके चालवली. अंगात चौकड्यांचा कोट, खाली धोतर, डोळ्यांवर चष्मा असा एक म्हातारा त्या चौकटीत कोपऱ्यात उभा असतो. मंत्री भाषण करतो, साहेब खुलासा करतो, डॉक्टर, ठेकेदार, पुढारी सगळे बोलतात. हा मात्र बोलत नाही, नुसता पाहतो. आपल्याकडच्या सभांत मागच्या रांगेत धुऱ्यावर बसल्यासारखा बसलेला शेतकरी आठवून पाहा. तोही तसाच. त्याच्या गप्प बसण्यातच सगळा शेरा असतो. या म्हाताऱ्याचा पुतळा पुण्यात सिंबायोसिस संस्थेच्या आवारात उभा आहे. पुढाऱ्यांचे पुतळे गावोगावी आहेत. सामान्य माणसाचा पुतळा उभा राहिला तो एका व्यंगचित्रकारामुळे.

लक्ष्मण यांच्या चौकटींचे अनेक संग्रह निघाले. रोजच्या पेपरातले व्यंगचित्र हे पालेभाजीसारखे. सकाळचे सकाळी खावे. संग्रह मात्र बियाण्याच्या कणगीसारखा असतो. वीस-तीस वर्षांपूर्वीची चित्रे एकापाठोपाठ एक चाळली की महागाई, खड्डे, आश्वासने, पाहणी दौरे हे सारे कसे वर्षानुवर्षे उगवत राहिले ते एका बैठकीत दिसते. कोणते तण किती हट्टी, हे एका हंगामात कळत नाही. त्याला पाच-दहा हंगामांची नोंद लागते. व्यंगचित्रांचा संग्रह ही तशीच नोंद आहे.

वाचता येत नाही? मग तर उत्तमच!

आपल्या भागात मराठीबरोबर माडिया, गोंडी, तेलुगू आणि काही गावांत बंगालीही बोलली जाते. शासकीय पत्रक मात्र एकाच, तेही कचेरीच्या मराठीत निघते. अशा ठिकाणी शि. द. फडणीस यांची चित्रे पाहावीत. १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मलेल्या फडणीसांच्या बहुतेक चित्रांत शब्दच नसतात. घरातली भांडी, छत्री, साडीवरची नक्षी, मांजर, उंदीर असल्या रोजच्या वस्तूंतून ते गंमत काढतात. 'हसरी गॅलरी' हा त्यांचा संग्रह आणि त्याच नावाचे प्रदर्शन रसिकांच्या ओळखीचे आहे. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांनी चित्रे काढली आणि एका पिढीची गणिताची धास्ती थोडी तरी कमी केली. जे गणिताला जमले ते माती परीक्षणाला आणि तुडतुड्याला का जमू नये?

वसंत सरवटे (१९२७-२०१६) मूळचे कोल्हापूरचे. पेशाने अभियंते, नोकरी एसीसी या सिमेंट कंपनीत, जी आपल्याला घुग्घुसच्या कारखान्यामुळे माहीत आहे. दिवसा सिमेंटचे हिशेब आणि उरल्या वेळात माणसांचे. मध्यमवर्गीय घर, लेखक मंडळी, कचेऱ्या यांतली ढोंगे त्यांनी आवाज न चढवता दाखवली. मंगेश तेंडुलकर तर पुण्याच्या चौकांत उभे राहून वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांना स्वतः काढलेली व्यंगचित्रांची भेटकार्डे वाटीत. दंडाच्या पावतीऐवजी चित्र! याला आमच्या भाषेत 'विस्तार कार्य' म्हणतात. घरातल्या रोजच्या गमतींसाठी चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' आहे. तो १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाला आणि त्याची पुस्तके शाळकरी मुले आजही ओढून घेतात.

आणि हे सगळे दूरदेशीचेच आहे असेही नाही. मनोहर सप्रे हे चंद्रपूरचे. महाविद्यालयात शिकवता शिकवता त्यांनी राज्यभरच्या वृत्तपत्रांसाठी व्यंगचित्रे काढली. जंगलात पडलेल्या लाकडातून, मुळांतून त्यांनी घडवलेली काष्ठशिल्पेही नावाजली गेली. आलापल्लीचे सागवान अयोध्येच्या मंदिराला गेले याचा आपल्याला अभिमान आहेच. पण जे लाकूड कोणत्याही डेपोच्या यादीत चढत नाही, त्यात चेहरा पाहणारा माणूस आपल्याच मुलखात होऊन गेला, याचाही थोडा अभिमान बाळगावा. वेडेवाकडे पाहून त्यातला नेमका आकार ओळखणे, व्यंगचित्र म्हणजे तरी दुसरे काय?

झाडीपट्टीला हे शिकवायला नको

धान निघाले की आपल्याकडे मंडई भरते आणि रात्रभर नाटके होतात. दंडार, खडी गंमत यांत सावकार, पाटील, साहेब यांची रेवडी उडत नाही असे कधी झाले आहे काय? ज्याची टर उडते तोच पुढच्या रांगेत बसून टाळ्या देतो. झाडीपट्टी रंगभूमीवर लोकांना हसवणारे गडचिरोली जिल्ह्यातले डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे रात्री रंगमंचावर चालते ते दिवसा फलकावर चालत नाही, एवढाच काय तो फरक. कारण सोपे आहे. नाटक पहाटे संपते. कागद मात्र भिंतीवर राहतो.

कागदाची ही भीती जुनी आहे. आणीबाणीत १९७५ साली 'शंकर्स वीकली' बंद झाले. १९८७ मध्ये तमिळनाडूत 'आनंद विकटन' साप्ताहिकाच्या संपादकांना मुखपृष्ठावरच्या एका विनोदी चित्राबद्दल विधानसभेने तुरुंगात धाडले. ओरड झाल्यावर काही दिवसांतच त्यांना सोडावे लागले. मुंबईत २०१२ मध्ये असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. त्या प्रकरणी २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बजावले, की हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरील टीका, मग ती कितीही झोंबणारी असो, राजद्रोह ठरत नाही. कोलकात्यात एका प्राध्यापकाला २०१२ मध्ये एक व्यंगचित्र नुसते पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. त्यातून पूर्ण मोकळे व्हायला २०२३ उजाडले. न्याय मिळाला खरा, पण अकरा वर्षांनी. मोबाईलवर चित्रे पुढे ढकलणाऱ्या तरुणांनी हेही ध्यानी घ्यावे. थट्टा पदाची, कामाची, ढोंगाची करावी. कुणाची जात, धर्म, शरीर, गरिबी यांची करू नये. आणि ज्याने चित्र काढले त्याचे नाव खाली राहू द्यावे. नाव कापून चित्र फिरवणे ही चोरीच आहे.

पुढे त्या चित्राचे काय झाले?

चित्र काढून नेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा त्या गावी गेलो. भेटेल तो विचारी, "सायेब, ते मिठाचं चित्र कुठं गेलं जी?" आणि ज्या घरांत आमचे पत्रक कधी वाचले गेले नव्हते त्यांतल्या काहींनी बी मिठाच्या पाण्यातून काढले होते. कशामुळे? तर "पोचट वर येते का ते पाहू तं खरं", म्हणून! हसण्यासाठी बादली भरली आणि पऱ्हे चांगले आले.

मी त्या तरुणाकडे गेलो आणि दुसरे चित्र काढ म्हटले. तो म्हणाला, "माह्या बापाचं नाव घरकुलाच्या यादीत हाये. तुमाले बदली भेटन, मले कायले अडकवता?" मला उत्तर सुचले नाही. चित्र काढायला लावले मी, फलकावरून उतरवले मी, आणि रात्रीची झोप गेली त्याची. व्यंगचित्राला धाडस लागते असे आपण सहज लिहितो. ते धाडस कोणाच्या जिवावर, हे विचारत नाही.

शेवटी विषय ग्रामसभेत निघाला. मी उभा राहून सांगितले, की चित्र काढायला मी सांगितले होते, जबाबदारी माझी. पदाधिकारी रागातच होते. म्हणाले, "सगळ्याईचं चित्र निघते, सायेबाचं काहून नाई? पयले त्याईचं लावा, मंग माहं लावा." सभा हसली. मीही हसलो, पण पोटात गोळा आला, कारण दुसऱ्याच आठवड्यात वरिष्ठांचा दौरा होता. तरुणाने तिथेच वहीच्या पानावर रेघोट्या मारल्या : रोवणी संपून गेलेली बांधी, आणि धुऱ्यावर मोटारसायकल लावून बीजप्रक्रियेची पिशवी उंच धरलेला मी. त्या वर्षी एका पाड्यावर मला खरोखरच उशीर झाला होता. चित्र खोटे म्हणायची सोय नव्हती.

दोन्ही चित्रे फलकावर शेजारी लागली. वरिष्ठ आले, त्यांनी पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता पुढे गेले. पावसाळ्यात ओल लागून दोन्ही कागद गेले. घरकुल यादीप्रमाणे मिळाले. चित्रामुळे लवकर नाही आणि चित्रामुळे उशिराही नाही. पुढच्या मृगात मात्र त्या पाड्यावर मी सगळ्यांत आधी गेलो.

एवढे करून पाहा

गावच्या ग्रंथालयाने पुस्तक खरेदीत कथा-कादंबऱ्यांबरोबर व्यंगचित्रांचे दोन-तीन संग्रह घ्यावेत. लक्ष्मण, फडणीस, सरवटे यांपासून सुरुवात करावी. ते कपाटात कुलूपबंद न ठेवता टेबलावर ठेवावेत. वाचता न येणाऱ्यालाही ते पुस्तक चाळता येते, हे विसरू नये. शाळेने वर्षातून एकदा मुलांकडून गावच्या अडचणींची चित्रे काढून घ्यावीत : बंद हातपंप, वाकलेला विजेचा खांब, पाहणीला आलेला साहेब. आणि ग्रामपंचायतीने फलकाचा एक कोपरा त्यांना द्यावा.

२००९ मध्ये मेंढा-लेखा गावाने आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. आपल्या जिल्ह्यातल्या ग्रामसभा बांबू आणि तेंदूचा कारभार हिमतीने पाहतात. ज्या ग्रामसभेला जंगल सांभाळता येते तिला एक कार्डशीट सांभाळणे जड जाऊ नये.

मीठ तेवढे मोजून टाकावे. कमी पडले तर पोचट वर येत नाही, जास्त झाले तर भरीवही तरंगू लागते. बियाण्याला लागू आहे ते विनोदालाही आहे.